मुक्काम पोस्ट जॅक्सन हाइट्स

न्यूयॉर्कला निघालेला मराठी माणूस हॉटेल शोधतो ते टाइम्स स्क्वेअरच्या आसपास. ते दिवे बघायला एक संध्याकाळ पुरते. मुक्काम टाकावा क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला.

*

आधी स्टेशन बघावं. इथे जमिनीखालून ई, एफ, एम, आर आणि डोक्यावरून ७ नंबरची गाडी. लाग्वार्डिया विमानतळावरून क्यू७० बस थेट इथे येते, तीही फुकट. जेएफकेहून एअरट्रेनने जमैका, पुढे ई.

*

‘स्टेशनपासून दोन मिनिटं’ वाचून मात्र हुरळू नये. ७ नंबर १९१७ पासून रूझवेल्ट अव्हेन्यूवर लोखंडी खांबांवरून धावते, रात्रभर. खिडकी त्या बाजूला असली तर झोपेचं खोबरं. उत्तरेला, ३५व्या अव्हेन्यूकडे सरकावं. तिथे विटांच्या जुन्या इमारती, आतल्या बाजूला लांबलचक बागा. या इमारती बांधल्या तेव्हा ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना इथे घर मिळत नसे. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर जग राहायला आलं. आता हा भाग वारसा म्हणून जपलेला आहे.

*

पत्ता वाचायची खुबी: ३७-२७, ७४वा स्ट्रीट. डॅशच्या आधीचा आकडा जवळच्या आडव्या रस्त्याचा. पण ३७वा अव्हेन्यू वेगळा, ३७वा रोड वेगळा! शहर आखणाऱ्याने सूड कुणावर उगवला कोण जाणे.

*

७४व्या स्ट्रीटवर पटेल ब्रदर्सचं वाणसामान, साड्या, सोनं. तिथे पोह्यांचं पाकीट बघून हरखू नका. पोहे घरी आहेतच. एक गल्ली ओलांडली की ७३वा, बांगलादेशी. गाडीवरच्या फुचक्यात वाटाणा-बटाटा, वरून उकडलेलं अंडं किसून घातलेलं, सोबत चिंचेचं आंबट पाणी. पुदिन्याची आशा धरू नये. पाणीपुरीवर वाढलेल्या जिभेला पहिला घास अंड्यामुळे खटकतो, तिसऱ्याला तक्रार संपते. शेजारी पानवाला, आणि फुटपाथवर पिचकाऱ्याही. सातासमुद्रापार येऊन हेही बघायचं होतं.

मोमो नेपाळी-तिबेटी गाड्यांवर, डायव्हर्सिटी प्लाझाच्या आजूबाजूला. ८२व्या स्ट्रीटकडे गेलं की कानावर स्पॅनिश, हातात अरेपा: मक्याची जाड भाकरीच, चीज घातलेली.

*

वृद्ध आई-वडील सोबत असतील तर हा भाग उत्तम. भाजीवाल्याशी हिंदीत बोलता येतं, खिचडीचं सामान हाताशी. रोज रात्री ब्रॉडवेची नाटकं बघणाऱ्यांनी मॅनहॅटनच गाठावं.

*

खोली ऑनलाइन घेताना जपा. २०२३ पासून शहराचा नियम कडक झाला आहे: तीस दिवसांहून कमी मुक्काम असेल तर यजमानाची नोंदणी हवी, त्याने त्याच घरात राहायला हवं आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. ‘अख्खा फ्लॅट, चौघांसाठी’ अशी स्वस्त जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. सरळ हॉटेल घ्या.