उत्तरतटावरील जलपुत्र

धार आणि देवास ही नावे उच्चारताच पवारांच्या गाद्या, राजवाडे व जुनी मराठी घराणी आपल्या मनश्चक्षूंपुढे उभी राहतात. परंतु धार जिल्ह्याची दक्षिण सीमा म्हणजे साक्षात् नर्मदा. तिच्या काठी होडी व जाळे यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या केवट-कहारांचा उल्लेख आपल्या बैठकींत क्वचितच होतो.

कुक्षी तहसिलीतील चिखलदा हे गाव उत्तरतटावर, तर बडवानीचा राजघाट समोरच्या तीरावर. परिक्रमावासी नर्मदा ओलांडीत नाहीत. इतरांना मात्र नावाड्याचाच आधार असे. पावसाळा सरला म्हणजे उघड्या पडलेल्या वाळूत हीच मंडळी खरबूज-कलिंगडांच्या वाड्या लावीत. नदीच्या खडकाळ, वाहत्या पाण्यात महासीर सापडे. त्याच माशाला मध्य प्रदेशाने २०११ साली राज्य-मत्स्याचा मान दिला.

सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली बसली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोचले. चिखलदा जलमय झाले, दोन तीरांना जोडणारा पूलही बुडाला. राजघाट-कुकरा येथील उंचवटा पाण्याने वेढला जाऊन त्याचे बेट झाले. दुरून पाहता कोकणातील एखाद्या बंदराचा भास व्हावा. परंतु हे बेट सागराने घडविलेले नव्हे, ते माणसाने अडविलेल्या पाण्याचे आहे.

पाणी वाढले म्हणजे मासळी वाढली, असा आपला भाबडा समज असतो. वस्तुतः महासीरास प्रवाह हवा. साचलेल्या पाण्यात तो टिकत नाही. तेथे कटला, रोहू यांचे बीज सोडावे लागते. बुडालेल्या झाडाझुडपांत जाळी फाटतात, आणि पाणी उतरले तरी वाड्यांची ती वाळू पूर्ववत् हाती येत नाही.

याहून बिकट प्रश्न हक्काचा आहे. १९७९ च्या लवादाने जमिनीबद्दल जमीन देऊ केली. पण ज्याचे शेत म्हणजेच नदी, त्याने कोणता सातबारा दाखवावा? तवा जलाशयावर विस्थापितांच्या मत्स्य संघाकडे १९९६ पासून सुमारे दहा वर्षे मासेमारीचा हक्क होता. म्हणजे ही गोष्ट अशक्य कोटीतील नव्हे. या जलाशयातील मासळीवरही पहिला अधिकार त्यात घरदार गमावणाऱ्यांचाच असावा, असे आम्हांस वाटते.

परिक्रमेस निघणाऱ्या मराठी बंधुभगिनींनी ‘नर्मदे हर’ म्हणताना या जलपुत्रांचीही विचारपूस करावी. मैयेचे दर्शन त्यांच्यावाचून अपुरेच होय.