बदकांची बिऱ्हाडे

अमेरिकेत जाऊन आलेला माणूस गगनचुंबी इमारतींच्या गोष्टी सांगतो. मी मात्र सांगणार आहे ती तेथल्या दोन फुटी घरांची हकीकत. इलिनॉय राज्यातील हॅव्हाना गावाजवळ, नदीकाठच्या एका तळ्यात खांबांवर ठोकलेल्या लाकडी पेट्या मी पाहिल्या. प्रथमदर्शनी वाटले, टपालाच्याच पेट्या! पण ही होती बदकांची बिऱ्हाडे.

'वुड डक' नावाचे हे बदक मोठे देखणे. नराच्या डोक्यावर हिरव्याजांभळ्या झाकेचा तुरा, छाती तांबूस आणि डोळा लालभडक. ते घरटे करते झाडाच्या ढोलीत. पण ढोली कोरणे त्याला साधत नाही. आयती जागा मिळाली तरच संसार. विसाव्या शतकाच्या आरंभी शिकाऱ्यांच्या बंदुकांनी आणि जुन्या झाडांवर चाललेल्या कुऱ्हाडींनी हा पक्षी नामशेष होण्याच्या बेतात आला. १९१८ च्या कायद्याने शिकार थांबली. पण राहायचे कोठे? जागेची टंचाई काय असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको!

तेव्हा १९३७ मध्ये याच भागातील चॉटॉक्वा अभयारण्यात पेट्या लावण्यात आल्या. बदके आली, पण मागोमाग रॅकूनही आले. मांजराहून थोरला हा प्राणी खांबावर सरसर चढतो, पेटीत हात घालून अंडी पळवतो आणि वर मादीलाही मारतो. म्हणजे आपण बांधलेले घर त्याचे फडताळच झाले! फ्रँक बेलरोझ या संशोधकाने दार लंबगोल केले : रुंदी ४ इंच, उंची ३ इंच. बदक आत जाते, थोराड रॅकून बाहेर राहतो. शिवाय खांबाला उपड्या नरसाळ्यासारखा पत्रा बसवतात. त्याखाली आला की चोराची वाट खुंटते. मात्र शेजारी झाडाची फांदी नको, नाहीतर तो वरून उडी घेतो.

पेटीत रंध्याखालून निघालेल्या लाकडाच्या सालपटांचा तीनचार इंच थर घालतात, कारण मादी बाहेरून काडीही आणत नाही. स्वतःच्या अंगाची मऊ पिसे तेवढी अंथरते. पेट्या दाटीने लावल्या तर एकीच्या घरात दुसरी अंडी घालून जाते. मग अंड्यांचा ढीग होतो आणि ती नीट उबत नाहीत. चाळीचे दोष तेथेही आहेतच!

सुमारे महिनाभराने पिल्ले निघतात. दुसऱ्या दिवशी आई खालून साद घालते. पिल्ले आतल्या खरबरीत भिंतीला नखे रोवत दारापर्यंत येतात आणि एकामागून एक पाण्यात उडी टाकतात. एका दिवसाचे वय, आणि हे धैर्य!

दरवर्षी वसंतापूर्वी पेट्या झाडून, सालपटे बदलून, पत्रे तपासावे लागतात. घर बांधणे एका दिवसाचे, राखणे जन्माचे. आपल्याकडचा नकटा बदकही जुन्या झाडाच्या ढोलीतच अंडी घालतो. तळ्याकाठचे पोकळ झाड 'कुचकामी' म्हणून तोडण्यापूर्वी आत कोणाचे बिऱ्हाड आहे, एवढे तरी पाहावे. पेटी ठोकण्यापेक्षा ते खचितच सोपे.