गॉगल होता, पण कपाळावर

उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीतून डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला कामगार आला की मी विचारतो, "गॉगल नव्हता?" उत्तर बहुतेक ठरलेलं: "होता की डॉक्टर, पण वाफ धरतीया, म्हणून वर सरकवला." तुम्हीही ग्राइंडरवर असाल तर हे ओळखीचं वाटेल. मला विचाराल तर यात दोष तुमच्यापेक्षा गॉगलचा जास्त.

घामाची आणि श्वासाची ओल थंड काचेवर बसते, तीच ही वाफ. म्हणून हवा खेळायला छिद्रं हवीत, पण आडवळणाची, म्हणजे ठिणगी सरळ आत येणार नाही. नुसती भोकं पाडलेला गॉगल ग्राइंडिंगला नको. काच पॉलिकार्बोनेटची घ्या. 'ईएन १६६' मानकाच्या गॉगलवर 'बी' खूण असेल, तर सेकंदाला १२० मीटर वेगाने आलेली ६ मिलिमीटरची पोलादी गोळीही तो अडवतो.

फिटिंग दुकानातच बघा. पट्टा लावा, मान खाली घाला, डोकं हलवा. कानशिलापाशी फट राहिली तर कण तिथूनच शिरतो. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावरून घालून बघा. मास्क वापरत असाल तर त्याची वरची कड नाकावर दाबून बसवा, नाहीतर सगळा श्वास गॉगलमध्ये. अँटीफॉग काच कोरड्या फडक्याने पुसू नका, थर जातो; पाण्याने धुऊन वाळवा.

तरीही कण गेलाच तर डोळा चोळू नका, आणि शेजारच्या दोस्ताला काडीने तो काढू देऊ नका. त्याच दिवशी या. काही तासांतच कणाभोवती गंजाचं कडं धरायला लागतं, आणि ते काढणं कण काढण्यापेक्षा किचकट असतं.