आधी वाक, मग नाक

हल्ली वाशिमच्या एसटी स्टँडवर मी वही घेऊन बसतो. गाडीची वाट पाहणारी माणसं दोन मिनिटंही स्थिर नसतात. नाक-डोळे काढायला वेळ कुठला! माझी वही तपासतात ते एक निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचा प्रश्न ठरलेला, "सर, ह्याचं वजन कोणत्या पायावर आहे?" चित्रातून उत्तर मिळालं नाही, की पुन्हा स्टँड! आता आधी मानेपासून टाचेपर्यंत एकच रेघ ओढतो. वजनाच्या पायाकडची कंबर वर जाते आणि तिकडचा खांदा खाली येतो, हे हाताला आता कळू लागलंय.

अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातली मरणासन्न राजकन्या आठवा. कललेली मान, गळालेलं अंग. दुःख चेहऱ्याआधी शरीर सांगतं. ते लेणं करवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिमच बरं का!

परवा डाळ निवडत बसलेल्या सौ.ची पाठमोरी आकृती काढून मुलीला पाठवली. चेहरा नव्हताच. तिचा लगेच फोन, "बाबा, आईची कंबर पुन्हा दुखतेय का?"

दुखतच होती. सौ.नं मला सांगितलं नव्हतं, रेघेनं सांगितलं.