थोर शास्त्रज्ञाची साक्ष

न्यायालयात साक्षीदाराने काय पाहिले, काय ऐकले एवढेच सांगावयाचे असते. त्याला काय वाटते हे त्याला कोणी विचारीत नाही. एखादा साक्षीदार भरात येऊन मते देऊ लागला की समोरचा वकील उठून हरकत घेतो. या नियमाला मोठा अपवाद एकच, तो तज्ज्ञाचा. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातले ४५ वे कलम आमच्या पिढीच्या वकिलांनी पाठ करून परीक्षा दिल्या. तो कायदा आता गेला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अंमलात आला आणि ४५ चे ३९ झाले. परकीय कायदा, शास्त्र, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे अशा विषयांत जो विशेष निष्णात आहे त्याचे मत ऐकावे, असे जुने कलम सांगत होते. नव्यात ‘अथवा अन्य कोणतेही क्षेत्र’ अशा अर्थाचे शब्द अधिक घातले आहेत. कुंपण विस्तारले, पण निष्णात असण्याची अट जागच्या जागी राहिली. हस्ताक्षरतज्ज्ञ कितीही नामांकित असो, शवविच्छेदनाविषयी त्याचे मत कोणी टिपून घेत नाही.

धर्माचा विषय निघाला की मात्र आपण शिकलीसवरलेली माणसे हा साधा नियम विसरतो. गेल्या कार्तिकात पालखीच्या रात्री आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेत असाच एक वाद रंगला. एक तरुण अभियंता म्हणत होता, खुद्द आइन्स्टाइनने देव ही मानवी दुर्बलतेची निपज आहे असे लिहून ठेवले आहे, तेव्हा या दिव्याकाठ्यांचे प्रयोजन काय? एक निवृत्त मुख्याध्यापक तितक्याच आवेशाने सांगत होते की त्याच आइन्स्टाइनने गीता वाचून बाकीचे सारे व्यर्थ वाटते असे उद्गार काढले आहेत. दोघांच्याही हाती मोबाइल आणि दोघांच्याही मोबाइलवर आइन्स्टाइनचे विस्कटलेल्या केसांचे तेच छायाचित्र. ‘वकीलबाब, तुम्हीच निकाल द्या,’ असे म्हणून मंडळींनी आमच्याकडे पाहिले. निकाल देण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु साक्षीदार कोण आणि तो खरोखर काय म्हणाला, एवढे तपासून पाहणे हा आमचा धंदाच आहे.

मुख्याध्यापकांच्या वाक्याला आधार सापडत नाही. आइन्स्टाइनचे लेखन आणि पत्रव्यवहार पुष्कळसा छापला गेला आहे. गीतेवरचे ते वाक्य त्यात अमुक ठिकाणी आहे असे कोणी दाखविलेले आमच्या पाहण्यात नाही. अभियंत्याचे वाक्य मात्र खरे आहे. ३ जानेवारी १९५४ रोजी, म्हणजे मृत्यूच्या सव्वा वर्ष आधी, आइन्स्टाइनने एरिक गुटकिंड नावाच्या तत्त्वचिंतकाला जर्मन भाषेत एक पत्र लिहिले. गुटकिंडचे बायबलवर आधारलेले एक पुस्तक त्याच्या वाचनात आले होते, त्याला हे उत्तर. डिसेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हे पत्र सुमारे २९ लक्ष डॉलरना विकले गेले. एका माणसाच्या ईश्वरविषयक मताला एवढे मोल कधी आले असेल असे वाटत नाही. पण या पत्राच्या पाव शतक आधीचे एक उत्तरही नोंदलेले आहे. १९२९ मध्ये बॉस्टनच्या कार्डिनलने सापेक्षतावादामागे नास्तिक्य लपले आहे असा आरोप केला. तेव्हा न्यूयॉर्कच्या एका ज्यू धर्मगुरूने पन्नास शब्दांच्या उत्तराचे पैसे भरून आइन्स्टाइनला तार केली: तुम्ही देव मानता काय? उत्तर आले की सृष्टीच्या नियमबद्ध सुसंवादात प्रकटणारा स्पिनोझाचा देव मी मानतो. माणसांच्या नशिबाची आणि कृत्यांची उठाठेव करणारा देव मानीत नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवले तर साक्षीत विसंगती दिसत नाही. शिक्षा देणारा, नवसाला पावणारा, हाकेला धावणारा देव त्याने १९२९ मध्येही नाकारला होता आणि १९५४ मध्येही नाकारला. विश्वाच्या रचनेपुढे वाटणारा आदर त्याने कधी सोडला नाही. आमच्यातील काही विद्वान एवढ्यावरून त्याला अद्वैत्यांच्या पंक्तीला बसवितात. स्पिनोझाचा देव आणि शंकराचार्यांचे ब्रह्म यांत अंतर पुष्कळ आहे, ते घाईने बुजवू नये. उलट असेही म्हणणारे भेटतात की आइन्स्टाइनच्या डोळ्यांपुढे बायबलचा देव होता, आमच्या मंगेशाशी आणि शांतादुर्गेशी त्याचा काय संबंध? हा बचाव आम्हाला लंगडा वाटतो. ओटी भरताना आमच्या घरची बाई देवीपाशी जे मागते ते ऐकणारा कोणीतरी आहे, हीच तर तिची श्रद्धा; आणि नाकारलेले आहे ते नेमके तेच. ज्याला उत्तर द्यावयाचे त्याने हा प्रश्न अंगावर घेऊनच द्यावे.

आता साक्षीदाराचा अधिकार. आइन्स्टाइनएवढा पदार्थवैज्ञानिक त्या शतकात दुसरा दाखविणे कठीण. पण हा अधिकार त्याच्या स्वतःच्या आवारातसुद्धा निरपवाद नव्हता. पुंजयामिकीतली अनिश्चितता त्याला अखेरपर्यंत पटली नाही. ईश्वर फासे टाकीत नाही, अशा आशयाचे त्याने १९२६ साली माक्स बोर्नला लिहिले. जॉन बेलने १९६४ मध्ये या वादाला प्रयोगाच्या कक्षेत आणले आणि पुढे जे प्रयोग झाले त्यांनी कौल आइन्स्टाइनच्या अपेक्षेविरुद्ध दिला. त्या प्रयोगांबद्दल आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या साऱ्या काळात ‘आइन्स्टाइन म्हणाला म्हणून’ एवढ्यावर कोणी प्रयोगशाळा बंद केली नाही. भौतिकशास्त्राने त्याच्या नावाला जेवढी सूट दिली नाही तेवढी आपण धर्मविचारात का द्यावी, हे आम्हाला कळत नाही.

न्यूटनचे उदाहरण तर याहून बोलके आहे. गणित आणि यांत्रिकी यांवर त्याने जेवढे लिहिले त्यापेक्षा धर्मशास्त्र, भविष्यवाणी आणि किमया यांवर त्याचे कागद कमी भरणार नाहीत. १९३६ मध्ये त्याच्या भाचीच्या वंशजांनी ते लंडनला लिलावात काढले आणि अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी त्यातले बरेचसे मिळवून केंब्रिजला ठेवले. ट्रिनिटी कॉलेजचा हा फेलो मनातून ट्रिनिटीचे, म्हणजे देवाच्या त्रैक्याचे, तत्त्व मानीत नव्हता आणि ते आयुष्यभर झाकून ठेवीत होता. बायबलातील दानियेलाच्या ग्रंथावरून हिशेब करून जगाचा हा कालखंड २०६० च्या आधी संपणार नाही असे त्याने एका कागदावर मांडून ठेवले आहे. गुरुत्वाकर्षणाचा नियम त्याचाच आणि हा हिशेबही त्याचाच. पहिला साऱ्या जगाने घेतला, कारण ज्याला गणित येते त्याला तो पडताळून पाहता येतो. दुसरा कोणी घेतला नाही. आणि न्यूटनचा मान त्यामुळे तिळभरही कमी झाला नाही.

रामानुजन आणि हार्डी यांचे नाते आठवावे. रामानुजन नामक्कलच्या नामगिरी देवीचा भक्त; आपली सूत्रे तिच्या प्रसादाने सुचतात असे तो सांगे. हार्डी कट्टर निरीश्वरवादी. १९१४ ते १९१९ या काळात दोघांनी मिळून केलेल्या गणितात कोणती ओळ भक्ताची आणि कोणती नास्तिकाची, हे कोणीही निवडून दाखवू शकणार नाही. गंमत अशी की रामानुजनच्या धर्मविचाराविषयीसुद्धा साक्षी जुळत नाहीत. सगळे धर्म कमीअधिक सारखेच खरे वाटतात, असे त्याने आपल्याला सांगितल्याचे हार्डी नोंदवितो. गावाकडचे लोक मात्र त्याच्या देवीभक्तीच्या कथा सांगतात. मित्र पाहून माणूस वेगळे बोलतो, हे आम्ही साक्षीदारांच्या पिंजऱ्याजवळ उभे राहून पुष्कळदा पाहिले आहे.

तर मग शास्त्रज्ञाने धर्माविषयी तोंडच उघडू नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही, आणि देवळाच्या आश्रयाने राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर मुळीच म्हणू नये. कायद्यात तज्ज्ञाच्या कलमापाठोपाठ आणखी एक छोटे कलम आहे: तज्ज्ञाने आपले मत ज्या कारणांवर उभारले ती कारणेही पुराव्यात घेता येतात. आमच्या दृष्टीने खरे मोल त्या कलमाचे. जयंत नारळीकर (त्यांचे निधन २० मे २०२५ रोजी झाले) फलज्योतिषाला शास्त्र मानीत नव्हते. हे मत केवळ थोर खगोलशास्त्रज्ञाचे म्हणून पुढे आले असते तर आमच्या गावच्या ज्योतिष्याने, ‘त्यांनी तारे पाहिले, आम्ही पत्रिका पाहतो,’ असे म्हणून ते सहज उडवून लावले असते. पण नारळीकर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातून दोनशे मुलांची जन्मवेळ मिळविली. शंभर मुले अभ्यासात चमकणारी, शंभर मतिमंद. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच ज्योतिष्यांना ओळखावयाचे होते. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरे पाठविली. सरासरीने शेकडा ४६ बरोबर आली. नाणे उडविले असते तर ५० आली असती. ही पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. हिच्यापुढे आम्ही मान लववितो, आणि ती नारळीकरांच्या नावापुढे नव्हे. हीच पाहणी एखाद्या अनोळखी शाळामास्तराने एवढ्याच काळजीने केली असती तरी तिचे वजन तेवढेच राहिले असते.

म्हणजे धर्माच्या नावाखाली जेव्हा वस्तुस्थितीविषयी दावा होतो, अमुक तिथीला अमुक घडेल, अमुक भस्माने अमुक व्याधी हटेल, तेव्हा शास्त्रज्ञ त्या पिंजऱ्यात साक्षीदार म्हणून हक्काने उभा राहतो. तेथे आपण ‘श्रद्धेचा प्रश्न’ म्हणून हरकत घेणे हे कायद्यातही बसत नाही आणि सचोटीतही बसत नाही.

हे आम्हाला पुस्तकातून उमगलेले नाही. सोळा-सतरा वर्षांपूर्वी आमच्या मावशीच्या पोटात गाठ निघाली. शल्यविशारद मोठे नावाजलेले होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: महिन्याच्या आत शस्त्रक्रिया झाली नाही तर आशा नाही, आणि दुसरे असे की दगडाला विचारून रोग बरे होत नसतात, ती खुळे सोडा. मावशीने पहिले वाक्य ऐकलेच नाही, कारण दुसरे तिला फार लागले. देवीला प्रसाद लावल्याशिवाय अंगाला हात लावू देणार नाही, असा तिने हट्ट धरला. डावा कौल आला असता तर काय, या विचाराने आम्हा सर्वांची झोप उडाली. कारण तो आला असता तर ती उठून घरी गेली असती. शेवटी तिला घेऊन आम्ही देवळात गेलो. म्हाताऱ्या भटजींनी सारे ऐकून घेतले आणि पाकळ्या लावण्यास स्वच्छ नकार दिला. डॉक्टरांनी ज्याचे उत्तर दिले आहे ते देवीला पुन्हा विचारणे बरे नव्हे, विचारावयाचे तर धीर मागावा, असे म्हणून त्यांनी तिच्या ओंजळीत नुसते तीर्थ आणि फूल घातले. शस्त्रक्रिया झाली. मावशी पुढे अकरा वर्षे जगली आणि प्रत्येक जत्रेला सांगत राहिली, ‘देवान ना म्हणूंक ना.’ त्या शल्यविशारदांच्या पहिल्या वाक्याचे ऋण आमचे घर विसरणार नाही. दुसऱ्या वाक्याने ते पहिलेच वाया जाण्याची वेळ आली होती, हेही आम्ही विसरत नाही.

आणि शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर विचारवंत माणूस म्हणून आइन्स्टाइनचे ऐकावे काय? अवश्य ऐकावे. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळ कापुथ येथे रवींद्रनाथ त्याला भेटले तेव्हा सत्य माणसावाचून असते की नाही यावर दोघांचे बोलणे झाले. ते माणसावाचून असते असे आइन्स्टाइनचे म्हणणे. पण हे मला सिद्ध करता येत नाही, तो माझा धर्म आहे, असे त्याने स्वतःच कबूल केले. आपल्या ज्ञानाची हद्द कोठे संपते हे जो साक्षीदार आपण होऊन सांगतो त्याच्यावर न्यायाधीशाचा विश्वास बसतो. आमचाही बसला.

धर्माविषयी विशेष वजनाने बोलणारा वैज्ञानिक हवा असेल तर तो गोमंतकाला बाहेरून आणावा लागत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये कोसबेन येथे जन्मले. वडील धर्मानंद साखवाळचे. घर सोडून पाली शिकले आणि बुद्धाच्या मार्गाला लागले. दामोदर कोसंबी गणिती, १९४५ पासून १९६२ पर्यंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. धर्माविषयी त्यांची मते आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना बोचतील अशी आहेत. १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात गीतेवर त्यांनी लिहिले की परस्परविरोधी हिताच्या लोकांना तिच्यातून हवा तो अर्थ काढता आला, आणि भक्तीचे तत्त्व सरंजामी निष्ठेला सोयीचे पडले. आम्हाला हे सर्वस्वी पटत नाही. परंतु हे म्हणणाऱ्या माणसाने शेकडो हस्तलिखिते पडताळून भर्तृहरीची सुभाषिते संपादिली होती, हजारो आहत नाणी तराजूत तोलली होती आणि काठी घेऊन पुण्याच्या आसपासचे डोंगर तुडवीत शेंदूर फासलेल्या देवींची ठाणी पाहिली होती. येथे त्यांचे गणित त्यांचा अधिकार ठरवीत नाही. त्यांची पायपीट ठरविते.

त्याच ग्रंथातले शेवटचे प्रकरण गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकारीवर आहे. देवळे जेथून उठली आणि सोळाव्या शतकात नदीपार नेली गेली तो हा मुलूख. साखवाळचा नरसिंह वेलिंगला आला तो तिकडूनच. त्या अभियंत्याला आम्ही हे प्रकरण वाचावयास दिले आणि मुख्याध्यापकांनाही त्याची प्रत काढून पाठविली. मुख्याध्यापकांचा निरोप आला की काही विधाने त्यांना मान्य नाहीत आणि देवस्थानच्या दप्तरातील जुने कागद पाहावयास त्यांनी समितीकडे अर्ज केला आहे.