गेन थोडा कमी
व्हॉल्व्ह, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमधील निर्वात काचनळी, क्षमतेपलीकडचा सिग्नल मिळाला की लहरीची शिखरे कापते आणि त्यातून डिस्टॉर्शन, म्हणजे नादाचा खरखरीतपणा, निर्माण होतो. हाच परिणाम वाढवण्यासाठी बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी या गिटारवादकाने 1970 च्या सुमारास लेनी बनावटीच्या अ‍ॅम्प्लिफायरपूर्वी ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरच्या वारंवारता उचलणारी डबी, जोडली. पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावल्याने तो हलक्या तारा वापरत असे, आणि त्याच्या जड नादात दुखऱ्या बोटांचा वाटा किती, हे सांगणे अवघड आहे. एकांतात गिटार वाजवताना गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, चढवत नेण्याचा आणि मिड, म्हणजे मधल्या वारंवारता, उतरवण्याचा मोह होतो, कारण तो भरगच्चपणा, खरे तर, एकटेपणा भरून काढतो. मात्र ड्रम आणि बास सुरू होताच गिटार हरवते. बँडमध्ये मिडच टिकतो.