कोटरा सुल्तानाबाद आणि ग्रंथालयाचे पैसे

भदभद्याच्या वाटेवर, नेहरूनगरच्या शेजारी कोटरा सुल्तानाबादची वस्ती आहे. सरकारी निवासस्थाने आणि भोवती निवृत्त नोकरदारांनी बांधलेली घरे. मोठा तलाव भरून भदभद्याचे दरवाजे उघडले, की अवघे भोपाळ या बाजूस लोटते. ग्रंथ हवा असला, की मात्र आम्हां रहिवाशांस उलट दिशेने, जुन्या शहरातील मौलाना आझाद केंद्रीय ग्रंथालयापर्यंत जावे लागते.

येथील नगर निगमाचे घरपट्टीचे देयक मी शिक्षकी खोडीने नीट वाचतो. त्यात संपत्तिकर आहे, समेकित कर आहे, शिक्षा उपकर आहे. ग्रंथालयाच्या नावाचा रकाना नाही. मद्रास राज्याने १९४८ साली, डॉ. रंगनाथन यांच्या खटपटीने कायदा करून घरपट्टीवर ग्रंथालय-उपकर बसविला. तामिळनाडूत आता तो रुपयामागे दहा पैसे आहे. कर्नाटकात तो शेकडा सहा आहे, तर गोव्याने घरपट्टीला हात न लावता मद्यावर अधिभार घेतला! खुद्द महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. तेथील ग्रंथालये शासकीय अनुदानावर चालतात, आणि अनुदानाची वाट पाहणे म्हणजे काय, हे शाळा चालविणाऱ्यास सांगावे लागत नाही.

मला सर्वांत भावते ती बडोद्याची रीत. सयाजीरावमहाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल आणविले. गावकऱ्यांनी ठरावीक वर्गणी जमविली, की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच दरबार घालीत असे. एक हिस्सा लोकांचा असल्याने ग्रंथालय गावाला आपले वाटे. जेथे इमारत नव्हती, तेथे ग्रंथांच्या फिरत्या पेट्या जात.

उपकर बसला म्हणजे पुस्तके आली, असे मात्र नव्हे. इंग्लंडच्या १८५० च्या कायद्याने पौंडामागे अर्धा पेनी घेण्याची मुभा दिली, पण त्या पैशातून पुस्तके घेता येत नव्हती! बंगळूरला महापालिकेने वसूल केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोचत नाही, ही तक्रार जुनी आहे.

तरीही मी उपकराच्याच बाजूचा. परप्रांतातील आपली मराठी पुस्तके आजवर मंडळांच्या कपाटांत, चार-दोन वडीलधाऱ्यांच्या वर्गणीवर तगली. ती माणसे गेली, की कपाटाची किल्लीही सापडत नाही. रुपयामागे दोनच पैसे घेतले, तर दोन हजारांच्या घरपट्टीवर चाळीस रुपये होतात. हजार घरांचे चाळीस हजार. तेवढ्यात कोटऱ्यात एक वाचनकक्ष उभा राहणार नाही, परंतु दरवर्षी काही शेकडा पुस्तके येतील. मात्र त्याचे खाते वेगळे असावे, आणि खरेदीच्या यादीत हिंदीबरोबर उर्दू, सिंधी व मराठी पुस्तकांचा वाटा आधीच लिहून ठेवलेला असावा. घरपट्टी आपणही भरतोच.